भरल्या खिशावर ठिगळ

४ सप्टेंबर

ती. मावशी,

नमस्कार, तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना.

तुझं पत्र वाचून मला राग आला. तुझा नाही, त्या जिन्याचा. शिवणवर्ग वर, कार्यालय खाली. हजेरीचा साधा तक्ता हेडक्लार्कना द्यायचा तर तू पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून सव्वीस पायऱ्या उतरायच्या, ते जागेवर नाहीत असं ऐकायचं आणि सव्वीस पायऱ्या परत चढायच्या. संस्थेतली सगळी मशीन एकमेकांना तारेने जोडलेली आहेत, आणि तू त्या तारेशेजारी बसून पायऱ्या मोजतेस! मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, तीही संगणकाची. माझ्या पदवीचा तुझ्या गुडघ्यांना उपयोग होणार नसेल, तर आईने ते प्रमाणपत्र भिंतीवरून काढून त्यावर भाजी निवडावी.

शिवाय घाई आहे. तीस ऑक्टोबरपर्यंत तुझं शिवणकामाचं पुस्तक समितीकडे गेलं नाही, तर लेखी अभ्यासक्रम नाही या कारणाने तुझा वर्ग बंद होणार आणि त्या खोलीत संगणक मांडणार. इतकी मोठी गोष्ट तू पत्राच्या तळाशी, 'तब्येत बरी आहे'च्या खाली लिहिलीस! एकशे बारा पानं झाली आहेत ना? दोन वर्षं तू कुणाला एक ओळ दाखवली नाहीस. आता शेवटचा हात फिरव आणि थेट वरूनच खाली पाठव. त्याची सोय मी करते.

मी तुला दिलेल्या मशीनवर लिनक्स ही प्रणाली आहे. त्यावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो खालच्या सर्व्हरशी बोलतो आणि तिथला 'सामायिक' नावाचा फोल्डर तुझ्या मशीनला आणून जोडतो. फोल्डर राहतो खालीच, पण तुला वर बसून उघडता येतो. याला माउंट करणं म्हणतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर सदऱ्याला खिसा लावणं.

सोबत अकरा पानं आहेत. पहिल्या तीन पानांत लिनक्सचा इतिहास आहे, तो गाळू नकोस. चौथ्या पानापासून पायऱ्या. आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत, तशाच टाइप कर. फोनवर तुला ऐकू येत नाही (तीस वर्षं बारा शिवणयंत्रांच्या मधोमध बसल्यावर कुणाला येईल?) म्हणून पत्रानेच बोलू. माझा विश्वास आहे की साध्या भाषेत, क्रमाने, प्रेमाने लिहिलं तर कुठलीही गोष्ट कुणालाही शिकवता येते.

तुझी,
पदवीधर (हे नाव तूच पाडलंस)


१० सप्टेंबर

चि. पदवीधर,

आशीर्वाद. अकरा पानं मिळाली. इतिहास वाचला. चांगला आहे, पण त्यात एकाही माणसाचे गुडघे दुखत नाहीत.

तू लिहिलंस की नाव आणि पासवर्ड कार्यालयातून घ्या. गेले. हेडक्लार्क म्हणाले, "अर्ज करा." अर्ज केला. म्हणाले, "तीन प्रतींत." तीन केल्या. त्यात 'कारण' असा रकाना होता, तिथे मी 'गुडघे' लिहिलं. 'तांत्रिक सल्लागार' असा रकाना होता, तिथे तुझं नाव-पत्ता घातला. मग 'सामायिक फोल्डरमध्ये वाचण्याची की लिहिण्याचीही परवानगी' असा प्रश्न होता. ते चष्मा पुसत होते तेवढ्यात मी दोन्हींवर खूण केली आणि त्यांनी न बघता 'मंजूर'चा शिक्का मारला. त्या माणसाला शिक्का मारायला फार आवडतं. पासवर्ड बंद पाकिटात, लाख लावून दिला आणि वर बजावलं, "गोपनीय आहे, उघडू नका." मी म्हटलं, "मग वापरू कसा?" ते म्हणाले, "हा मुद्दा नियमात नाही."

या सगळ्यात जिना पाच वेळा झाला. तुझी सोय होईपर्यंत गैरसोयीनेच माझा जीव जायचा.

आता मशीनचं. ती काळी खिडकी उघडली, तुझी आज्ञा टाइप केली. त्याने पासवर्ड मागितला. मी देते आहे, देते आहे, आणि पडद्यावर काहीच उमटत नाही! एक टिंबसुद्धा नाही. मला वाटलं कीबोर्ड गेला. उलटा करून झटकला. त्यातून तीन टाचण्या, एक सदऱ्याचं बटण आणि हरवलेली बारा नंबरची सुई निघाली. तरी उमटेना. वर्गातल्या बायका म्हणाल्या, "बाई, फुंकर मारा." मारली. आता काय करू?

तुझे काका बरे आहेत. गप्प आहेत.

मावशी


१४ सप्टेंबर

ती. मावशी,

कीबोर्ड ठीक आहे! पासवर्ड टाइप करताना काही उमटत नाही ते मुद्दाम. मागे उभ्या असलेल्या माणसाला त्यात किती अक्षरं आहेत तेसुद्धा कळू नये म्हणून. तू न बघता, विश्वासाने टाइप कर आणि एंटर दाब. (सुई सापडली याचा मला आनंद झाला.)

आणखी एक, नाहीतर तू पुन्हा घाबरशील. या मशीनला आज्ञा दिली आणि काम नीट झालं, तर ते काहीही बोलत नाही. खाली नुसती नवी ओळ येते. बिघडलं तरच बोलतं. तेव्हा ते गप्प बसलं म्हणजे झालं असं समज.

शेवटच्या पानावरची ओळ विसरू नकोस. ती एकदा त्या यादीत घातलीस की मशीन चालू करशील तेव्हा दर वेळी खिसा आपोआप जोडलेला मिळेल.

तुझी,
पदवीधर


१९ सप्टेंबर

चि. पदवीधर,

जोडलं! काल बारा वाजून दहा मिनिटांनी. आज्ञा दिली, मशीन गप्प. मी पाच मिनिटं वाट पाहिली, मग तुझं पत्र आठवलं. गप्प बसलं म्हणजे सगळं ठीक. माझ्या घरात बरोबर उलटं आहे. तुझे काका गप्प बसले की मी गॅस, नळ आणि बँकेचं पासबुक तिन्ही तपासते.

आता फोल्डर उघडला की खालचं सगळं दिसतं. पाण्याच्या टाकीची नोटीस. मग 'पाण्याच्या टाकीची नोटीस अंतिम'. मग 'अंतिम दुरुस्त'. मग 'हीच अंतिम'. एकूण एकोणीस आहेत. टाकी अजून गळतेच आहे. आज हजेरी खाली न उतरता दिली. खिडकीतून वाकून ओरडले, "मिळाली का?" हेडक्लार्क म्हणाले, "मिळाली, पण पोचपावती न्यायला खाली या."

तुझ्या पायऱ्या सगळ्या केल्या. पाचवीत तेवढी थोडी काटकसर केली. घरात तुकडा असताना नवं कापड फाडणारी मी नव्हे, हे तू जाणतेस.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकावर शेवटचा हात सोमवारपासून फिरवते.

मावशी


२३ सप्टेंबर

ती. मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं! आमचे साहेब कधी हसत नाहीत. ते पासबुकाशी आल्यावर हसले. म्हणाले, "साठीच्या बाईंनी नुसती पत्रं वाचून हे केलं? मग ती अकरा पानं आपण छापू आणि सगळ्या शाखांना वाटू." मावशी, कॉलेजात मला नेहमी वाटायचं की आपल्या शिक्षणाने एका तरी माणसाचं ओझं हलकं व्हावं. ते तू होशील असं वाटलं नव्हतं. छापील पानावर मी लिहिणार आहे: 'ही कृती एका शिवणशिक्षिकेने पहिल्याच प्रयत्नात यशस्वी केली आहे.'

पाचव्या पायरीत कसली काटकसर केलीस? लांबलचक नावाऐवजी छोटं नाव दिलं असशील. चालतं.

सोमवारी पुस्तक उघडलंस का? कळव.

तुझी,
पदवीधर


१ ऑक्टोबर

चि. पदवीधर,

पोस्टकार्डावर लिहिते आहे. वेळ कमी आहे.

सहज विचारते. मशीनमधली एखादी गोष्ट दिसेनाशी झाली तर ती मेली असं समजायचं का? वर्गातल्या एका बाईची गेली आहे. तू तिला ओळखत नाहीस. तिने सगळीकडे शोधलं, कीबोर्डही झटकला.

तीस तारखेला किती दिवस उरले ते मला येतं मोजता, सांगू नकोस. आणि तुझं ते छापून झालं का? झालं असेल तर चांगलंच आहे. थांबवू नकोस.

मावशी


५ ऑक्टोबर

ती. मावशी,

त्या बाईंबद्दल वाईट वाटलं, पण खरं सांगू? असे लोक स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतात. तिने प्रत का ठेवली नव्हती? माझ्या मार्गदर्शिकेचं दहावं पान अख्खं प्रत ठेवण्यावर आहे. ते तिला वर्गात उभं करून मोठ्याने वाचून दाखव. म्हणावं, शिस्त शिकायची तर आमच्या बाईंकडून शिका.

छपाई पुढच्या महिन्यात आहे. मुखपृष्ठावर जिन्याचं चित्र घ्यायचं ठरतंय. पुस्तक खाली पाठवलंस का?

तुझी,
पदवीधर


१२ ऑक्टोबर

चि. पदवीधर,

त्या बाईला उभं करून दहावं पान वाचून दाखवलं. ती उभीच होती, तिला बसवेना.

तिने प्रत ठेवली होती गं. पण मूळ ज्या फोल्डरात होतं त्याच फोल्डरात. कात्रीशेजारी कात्री ठेवावी तशी. दोन्ही बरोबरच गेल्या. असो. ती रडत बसलेली नाही. ती सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिते आहे. वर्ग तीनला सुटला की सहापर्यंत. बायका थांबून आठवण करून देतात, "बाई, तुम्ही काजाच्या वेळी ते असं म्हणाला होता." तिला वेळ नाही, त्यामुळे जे तोंडात येतं तेच लिहिते. शोभिवंत काही होत नाही.

आता माझं विचारते. माझ्या मशीनमध्ये कुणीतरी आहे. चेष्टा नाही. संध्याकाळी मी 'मुंढा' हे प्रकरण लिहून ठेवलं. सकाळी त्यातल्या दोन वेलांट्या बदललेल्या. परवा तर एका मापापुढे कंसात लिहिलेलं, 'हे माप तपासावे'. तपासलं, तर खरंच चुकलं होतं! भूत असेल तर ते शिकलेलं आहे. बायका म्हणतात, यंत्राच्या तेलाचा दिवा लावू या. मी लावू दिला नाही, आग लागेल.

मावशी


१५ ऑक्टोबर

ती. मावशी,

भूत नाही! काही प्रोग्रामांत शुद्धलेखन तपासण्याची सोय असते, ती आपोआप चालू झाली असणार. माप तपासायला सांगणारी सोय मी कधी पाहिलेली नाही हे कबूल करते, पण तंत्रज्ञान फार वेगाने पुढे जात आहे.

त्या बाईंचं कौतुक वाटलं. एवढं सगळं पुन्हा लिहायचं म्हणजे जिद्द लागते. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मागच्या पत्रातला माझा सूर जरा जास्त झाला, तेही सांग. पण तू स्वतःच्या पुस्तकाबद्दल काहीच का लिहीत नाहीस? 'मुंढा' आता कशाला लिहिते आहेस? ते तर गेल्या वर्षीच झालं होतं ना?

तुझी,
पदवीधर


१६ ऑक्टोबर

प्रति,
तांत्रिक सल्लागार (भाची)

विषय: सामायिक फोल्डरमध्ये शिवणकामविषयक मजकूर आढळून येत असल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गेल्या महिन्याच्या २८ तारखेपासून कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये दररोज सायंकाळी एक नवे प्रकरण प्रकट होत आहे. सदर फोल्डर संस्थेतील सर्व वर्गांना दिसतो. परिणामी वायरमन वर्ग, टंकलेखन वर्ग व मुख्य दरवाजावरील पहारेकरी सकाळी प्रथम तेच वाचतात व मग कामास लागतात. पहारेकऱ्याने 'काज' हे प्रकरण मोठ्याने वाचल्याची तोंडी तक्रार आहे.

मजकुरात प्रस्तुत लिपिकाचा उल्लेख आला आहे. उतारा असा: 'बाही आधी माणसावर बघावी, मग कागदावर. आमच्या हेडक्लार्कांचा सदरा बघा. माणूस हात पुढे करतो आणि बाही मागे राहते. अशा माणसाने मनापासून काही दिलं तरी तो देतोय असं वाटत नाही. दोष माणसाचा नाही, बाही जिथे बसते त्या मुंढ्याचा आहे.'

सदर उल्लेखाबाबत प्रस्तुत लिपिकाने घरी आरशासमोर खात्री केली. उल्लेख वस्तुस्थितीस धरून आहे.

सेवेचा भाग म्हणून मी काही वेलांट्या दुरुस्त केल्या आहेत व एका मापाबाबत शेरा मारला आहे. (माझे वडील शिंपी होते. ही बाब सेवापुस्तकात नाही.)

तथापि १४ तारखेचे 'खिसा' हे प्रकरण 'खिसा लावण्याआधी एक गोष्ट कधी विसरायची नाही, ती म्हणजे' येथे थांबले आहे. दोन दिवस पुढे काही नाही. कोणती गोष्ट, हे त्वरित कळवावे. लेखिकेस विचारावयाचे तर वरच्या मजल्यावर जावे लागते.

आपला,
हेडक्लार्क


१९ ऑक्टोबर
तातडीचे

मावशी,

नमस्कार मागाहून. आधी हे वाच.

'त्या बाई' तूच आहेस. आणि तुझं पुस्तक मेलेलं नाही.

हेडक्लार्कचं पत्र आलं आणि मी डोक्याला हात लावला. पाचव्या पायरीत मी लिहिलं होतं, नवा रिकामा फोल्डर कर आणि खालचा फोल्डर त्यावर जोड. तू काटकसर केलीस. नवा न करता तुझ्या 'पुस्तक' फोल्डरवरच जोडलास. बरोबर ना? अगं, आधीच्या फोल्डरवर दुसरा जोडला की आधीचं झाकलं जातं. पुसलं जात नाही, नुसतं दिसत नाही. तू भरलेल्या खिशावर ठिगळ शिवलंस. ठिगळाखाली तुझी एकशे बारा पानं जशीच्या तशी आहेत, आणि प्रतही.

आता दुसरं, ते बसून वाच. त्यानंतर तू 'पुस्तक'मध्ये जे जे ठेवलंस, ते तुझ्या मशीनवर नाही, खाली सामायिक फोल्डरात गेलं. सगळी संस्था रोज वाचते आहे. तुझं भूत म्हणजे हेडक्लार्क. (त्यांचे वडील शिंपी होते, म्हणून माप कळलं.)

चूक माझी आहे. अकरा पानांत मी लिनक्स कुठल्या साली जन्मलं ते सांगितलं, पण फोल्डर रिकामाच का हवा ते एका ओळीत सांगितलं नाही. आणि वर तुलाच उभं करून दहावं पान वाचायला लावलं. ते तू कसं ऐकून घेतलंस? छपाई मी थांबवली आहे. साहेबांना खरं सांगितलं. ते पुन्हा हसले, पण या वेळी मला बरं वाटलं नाही.

सोबत एका ओळीची चिठ्ठी आहे. ती म्हणजे उसवण्याची आज्ञा. आधी सगळ्या खिडक्या बंद कर, मग ती दे. मशीन गप्प बसेल.

तुझी,
पदवीधर


२४ ऑक्टोबर

चि. पदवीधर,

उसवलं. मशीन गप्प बसलं. 'पुस्तक' उघडलं, तर एकशे बारा पानं! मी इतक्या जोरात ओरडले की खाली हेडक्लार्कांनी घंटा वाजवली. आयुष्यात मी हजारो जणींना सांगितलं असेल, "खिसा लावण्याआधी आत हात घालून बघा." तीच गोष्ट लिहिता लिहिता 'खिसा' थांबला होता. लिहायला गेले, गेलेलं पुस्तक आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, म्हणून यंत्र बंद केलं. विसरले कोण? मीच.

तुला सांगितलं नाही, कारण तू तुझ्या साहेबांना माझं पत्र वाचून दाखवलं होतंस. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणाचं तरी लिहिलेलं छापलं जाणार होतं. माझी चूक कळली असती तर तू ते थांबवलं असतंस. आणि बघ, थांबवलंसच.

पण ही खिडकी दोन्ही बाजूंनी उघडी आहे, हे आधी सांगायला काय झालं होतं? मला वाटलं मी त्यांचं बघते. ते माझं बघतात! वायरमन सर जिन्यात भेटले की 'काज कसं चाललंय' विचारत होते, मला वाटलं चेष्टा करतात. आणि ती बाही! मी आता खाली कुठल्या तोंडाने जाऊ? तो शिंप्याचा मुलगा आहे, हे ठाऊक असतं तर एवढं लिहिलं नसतं. का लिहिलं असतं, कोण जाणे.

असो. नवा रिकामा फोल्डर केला, खिसा तिथे जोडला. जुनं पुस्तक आजच खाली ठेवते. ते दोन वर्षं घासूनपुसून लिहिलेलं आहे, तुझ्या पदवीच्या पुस्तकांसारख्या भाषेत. 'प्रस्तुत प्रकरणात बाही या वस्त्रघटकाचे विवेचन करण्याचे योजिले आहे.' समितीसमोर असंच शोभतं. दुसरं सोमवारी पुसून टाकते.

मावशी


२७ ऑक्टोबर

ती. मावशी,

पुसू नकोस!

हे पत्र सोमवारनंतर पोचेल हे मला कळतं, तरी लिहिते. हेडक्लार्कनी मला बाहीचा उतारा पाठवला होता. तो वाचला तेव्हा तू माझ्यासमोर टेप गळ्यात टाकून उभी होतीस. 'वस्त्रघटक' वाचला तेव्हा कुणीच नव्हतं. मावशी, ती भाषा तू माझ्यासाठी शिकलीस का? मी कॉलेजातून घरी आले की तशी बोलायचे, ते आठवून मला लाज वाटते आहे. माझी ती अकरा पानंही तशीच आहेत. इतिहास झाला, प्रतींवर अख्खं पान झालं, पण खिशात हात घालून बघा हे त्यात नाही.

कोणतं पाठवायचं ते तूच ठरव. मी सल्लागार आहे, तेही तूच रकान्यात लिहिलंस म्हणून. पण मला विचारशील तर पुसू नकोस.

तुझी,
पदवीधर


१४ नोव्हेंबर

चि. पदवीधर,

तुझं पत्र तीस तारखेला मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

सोमवारी नवीन पानं पुसायला बसले. फोल्डर उघडला. 'खिसा'मध्ये माझ्या तुटलेल्या वाक्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ती म्हणजे?' त्याखाली दुसऱ्याने, 'आम्हीही वाट पाहतो, वायरमन वर्ग'. त्याखाली, 'पहारा'. आता वाचणारे ताटकळत बसलेत आणि आपण पान फाडायचं, हे मला जमेना. म्हटलं, आधी ते वाक्य पुरं करू, मग पुसू. पुरं केलं. मग ते शेवटचं प्रकरणही पुरं झालं.

तासाभरात जिन्यात पावलं वाजली. मध्ये दोनदा थांबली. हेडक्लार्क वर आले! अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारात उभे राहून आधी श्वास घेतला. दोन्ही हातांत दोन गठ्ठे, दोन्ही पुस्तकं छापून आणलेली. म्हणाले, "बाई, समितीकडे एकच जाऊ शकतं. नियम आहे. कोणतं?"

मी म्हटलं, "जाडं."

ते म्हणाले, "ठीक आहे." पण जागचे हलेनात. मग म्हणाले, "मी दोन्ही वाचली. जाडं वाचून मला सदरा शिवता येणार नाही. बारीक वाचून येईल."

बारा जणी यंत्रं थांबवून ऐकत होत्या. खोलीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती, अगदी मलासुद्धा ऐकू आली. मी म्हटलं, "अहो, पण त्यात तुमची बाही आहे. बारीकच पाठवायचं तर आधी ते वाक्य काढते."

त्यांनी गठ्ठा काखेत धरला. म्हणाले, "मजकुरातलं वाक्य काढायचं असेल तर अर्ज लागेल. तीन प्रतींत. आणि मी तो मंजूर करणार नाही."

"मग बारीकच पाठवा," मी म्हटलं.

ते वळले. मी म्हटलं, "थांबा, हात पुढे करा." टेप गळ्यात होतीच. मुंढा पाऊण इंच कमी निघाला. मी आकडा मोठ्याने सांगितला, आणि त्यांनी स्वतःच्या वहीत टिपून घेतला.

तुझी अकरा पानं छापायला दे. फक्त पाचव्या पायरीआधी माझं एक वाक्य घाल, शुद्धलेखन तपासून आलेलं आहे: 'खिसा लावण्याआधी आत हात घालून बघा. आत काही असेल तर ते तुमचंच असतं.' आणि 'पहिल्याच प्रयत्नात' हे शब्द काढ. त्याला अर्ज लागणार नाही.

काल समितीचं उत्तर आलं. ते सामायिक फोल्डरात ठेवलं असतं तर मला वर बसून दिसलं असतं. पण हेडक्लार्क सव्वीस पायऱ्या चढून ते हातात घेऊन आले, नव्या सदऱ्यात. वर्ग चालू राहणार. खोली आमचीच.

त्यांनी पत्र द्यायला हात पुढे केला. बाही बरोबर आली.

मावशी